आक्कांवर दोन पानं लिहायची आहेत, पण कागदावर आक्का कुठंच नाहीत

काळं_रान (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या हायस्कूलची स्मरणिका निघतेय. गाव मंगळवेढा तालुक्यातलं, नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतीलच. स्मरणिकेत ‘गावाचे आधारस्तंभ’ असा एक विभाग आहे. यादी बघितली तर दोन माजी सरपंच, सोसायटीचे जुने चेअरमन, एक पैलवान, एक कीर्तनकार. बाई एक नाही. मीटिंगमध्ये मी म्हटलं, आक्कांवर मी लिहिते. सगळ्यांनी माना डोलावल्या, "लिही की, दोन पानं देतो तुला."

आक्का म्हणजे आमच्या आज्जीच्या थोरल्या जाऊबाई. नव्वदीच्या पुढं आहेत, किती पुढं ते त्यांनाही माहीत नाही. नवरा ऐन तिशीत गेला. त्यानंतर कोरडवाहू रान, दोन पोरं, एक बैलजोडी आणि भावकी हे सगळं त्यांनी एकटीनं सांभाळलं. भावकीला तर चांगलंच सांभाळलं. गावात कुणाची बाई अडली की आक्का, कुणाकडं पेरायला बी नाही की आक्का, दारूचं दुकान उठवायचं तर पुढं आक्का. एक टर्म पंचायतीच्या मेंबर होत्या.

पण हे सगळं मी ऐकीव लिहितेय. कागद शोधायला गेले तर हाती आलं रेशनकार्ड आणि आधारकार्ड. त्यांना विचारलं तर म्हणतात, "काय सांगू त्यात. केलं ते केलं."

तर सांगा, अशा बाईचं आयुष्य लिहायचं कसं? ‘त्यागमूर्ती’, ‘मायेची सावली’ असलं काही मला लिहायचं नाही. पैलवानाच्या लेखात कुस्त्या असतील, तर आक्कांच्या लेखात कामं असली पाहिजेत.

भीमाकाठ
मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आलेच. दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं म्हणून साडेपाचशे वर्षं आपण त्यांचं नाव घेतोय. घ्यायलाच पाहिजे. पण त्या कोठारातली ज्वारी खुरपली कुणी, काढली कुणी, उफणली कुणी? त्यांच्यासाठी दोन पानं कुणी मागितली नाहीत. तुम्ही मागितलीत, आता मागं सरू नका.

शेंगाचटणी
आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असणार, पैज. आमच्या गावात ३१ डिसेंबरला रात्री बाराला निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतोय. केक परवडंना बे.

काळं_रान
१ जानेवारीच आहे. पैज जिंकलात.

निवृत्त_भाऊसाहेब
ताई, मी तलाठी म्हणून हयात घालवली, त्यामुळे कागदावर माझा विश्वास जरा जास्तच. आक्का कागदावर नाहीत असं होत नाही. आपण भलत्या रकान्यात बघतो. आजचा सातबारा बघून थांबू नका, फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा, जमिनीच्या नावात झालेल्या बदलांची नोंदवही. यजमान वारल्यावर वारसनोंद झाली असेल तर तिथं आक्कांचं नाव निघेल. मुलं लहान होती म्हणता, तर मुलांच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ असं असेल, अज्ञान पालनकर्ती. नाहीतर एखाद्या दिराचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागलेलं असेल, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि आक्का गेल्या असतील सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्का’च्या रकान्यात. जुन्या दप्तरात बाई शोधायची तर आधी तो रकाना बघायचा.

१९९२ ला लक्ष्मीमुक्ती योजना आली. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं, पैसे लागत नव्हते. माझ्या सज्जात अर्ज किती आले ते विचारू नका.

आणखी एक. मंगळवेढा १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. त्यामुळे फार जुने कागद चाळताना ‘जिल्हा सोलापूर’ दिसलं नाही तर गोंधळू नका. आणि त्या मेंबर होत्या ना? मग ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही बघा. लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून दप्तर हलत नाही.

सीनामाई
भाऊसाहेबांचं बरोबर आहे, पण फेरफारात बाळंतपणं नसतात. मी आमच्या मावशीचं असंच लिहून काढलंय, म्हणून सांगते. "तुमचं आयुष्य कसं गेलं" असं विचारूच नका. त्या म्हणणार, "गेलं की." एकेका वस्तूचं विचारा. कणगी कुठं होती? जातं कुणी विकलं? पहिली शेळी कुणाकडनं आणली? आणि समोर वही घेऊन बसू नका. हरभरा निवडायला घ्या, त्यांच्या पुढ्यातही एक सूप ठेवा. हाताला काम असलं की बाया बोलतात.

वयाचं म्हणाल तर तारखा विचारून उपयोग नाही, प्रसंग विचारायचे. गांधीजी गेले तेव्हा न्हाणं आलं होतं का? रझाकाराच्या धामधुमीत तुम्ही माहेरी की सासरी? नवे पैसे आले (१९५७) तेव्हा थोरला पायावर चालत होता का? कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप. असे खुंट ठोकत गेलं की मधलं सगळं जागेवर येतं. आमची मावशी अशी हिशोबानं आधारकार्डापेक्षा सहा वर्षांनी मोठी निघाली. तिला अजिबात आवडलं नाही.

माढ्याचा_मन्या
किल्लारी म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आमच्या आजोबांना भांडी वाजल्यावर चोर आला असं वाटलं. काठी घेऊन बाहेर आले, तर अख्खी गल्ली काठ्या घेऊन बाहेर.

काळं_रान
सीनामाई, तुमचा हरभऱ्याचा उपाय लागू पडला. दुपारभर निवडत बसलो आणि बहात्तर निघालं. जसं सांगितलं तसं लिहिते.

दोन वर्षं रानात काही पिकलं नव्हतं. बैल चाऱ्यावाचून विकले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव, त्यात कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या घरच्या बायापण. फोडलेली खडी लाकडी पेटीत भरायची, पेटीवर माप, मापावर पैसे. आक्का म्हणतात, पहिल्या आठवड्यात पेटी माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत भरायची. दुसऱ्या आठवड्यात बोटं आत बुडाली. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "तुझा हात आखडला असंल." हसले सगळे. मग त्यांनी काय केलं, तर पदराचा काठ पेटीला लावून उंचीला गाठ मारली. पुढच्या सोमवारी परत लावला, तर गाठ पेटीच्या काठाखाली बोटभर. ती गाठ त्यांनी कामावरच्या सगळ्या बायकांना दाखवली. बायका हातोड्या खाली ठेवून ढिगावर बसून राहिल्या. दुपारी जीपमधून साहेब आला. त्यानं पेटी मोजली, काही बोलला नाही, पण जुनी पेटी परत आली. आधीच्या आठवड्याचे पैसे काही मिळाले नाहीत. ते आक्का अजून विसरल्या नाहीत, आकडा पाठ आहे.

"लुगडं कुठलं होतं?" म्हटलं तर म्हणाल्या, "इरकल कुठलं असणार त्या वक्ताला, जोटच होतं."

कडब्याची_पेंढी
एकच नंबर. ही गाठ लेखात पहिल्या ओळीत घाला.

आमच्याकडं बहात्तरचं म्हणजे मिलो. अमेरिकेतनं आलेली ती लाल ज्वारी. मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती घशाखाली उतरत नव्हती. आणि कामावर पोरांना सुकडी मिळायची. आमचे वडील सांगतात की सुकडीसाठी ते कामावर जायचे, मजुरी आजी घ्यायची. रोजगार हमीनं लोकं जगली हे खरं.

निवृत्त_भाऊसाहेब
लोकं जगली हे खरंच. फक्त लेख छापायचा आहे म्हणून सांगतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. बहात्तरला योजना नुकती सुरू झालेली, आणि लोकांच्या तोंडी त्याला ‘दुष्काळी कामं’च म्हणत. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी आधी प्रयोग केला होता.

चूल_आणि_मी
सगळं वाचलं. गाठीची गोष्ट झकास आहे. पण मला एक विचारायचंय, राग मानू नका. आक्का गावात फिरत होत्या तेव्हा आक्कांच्या घरात भाकरी कोण थापत होतं?

माझ्या सासूबाईही अशाच, गावभर नाव. बचतगट, भजनी मंडळ, कुणाचं भांडण सोडवायचं असलं की त्या. कुणीही म्हणेल बाई थोर. मी म्हणते थोर आहेतच. पण त्या रात्री नऊला मीटिंगहून आल्या की त्यांच्यासोबत चार बायका जेवायला असायच्या, न सांगता. परातभर पीठ परत मळायचं कोणी? मी. सकाळी चार म्हशींच्या धारा कोणी काढायच्या? मी. माझं नाव ना पंचायतीत ना बचतगटात. तुमच्या दोन पानांत आक्कांच्या सुनेला एक ओळ तरी द्या.

शेंगाचटणी
आता बसा.

भीमाकाठ
चूल_आणि_मी, तुमचं पटलं थोडं, थोडं नाही. पुरुष पुढाऱ्याच्या लेखात कुणी विचारतं का की भाकरी कोण थापत होतं? तो प्रश्न फक्त बाईलाच का?

चूल_आणि_मी
पुरुषाच्या लेखातही विचारायला पाहिजे की. तिथं विचारत नाहीत म्हणून इथंही नको, हा कुठला न्याय दादा?

काळं_रान
विचारलं. काकूंना (आक्कांची थोरली सून, आता सत्तरीच्या) थेट विचारलं, आक्का झोपल्यावर. त्या हसल्या, म्हणाल्या, "आत्याबाई मीटिंगला गेल्या की मला बरं वाटायचं गं. तेवढा वेळ घर माझं. रेडिओ मोठ्यांदा लावायची." नंतर म्हणाल्या की आक्कांनी त्यांना एकदाही माहेरी जाण्यापासून अडवलं नाही, पण स्वयंपाकाला एकदाही हात लावला नाही. दोन्ही लिहिणार.

अक्कलकोटी_अव्वा
बियाण्याचं राहिलं की हो. धागाकर्तीनं सुरुवातीला लिहिलंय, कुणी विचारलंच नाही. आमची आज्जी उभ्या पिकात हिंडून कणसं निवडायची, दाणा टपोरा, कणीस भरलेलं, ताट सरळ. ती वेगळी खुडून आढ्याला टांगायची, चुलीच्या धुरात. मग राख लावून मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला. येळवसेला (वेळा अमावस्येला) ज्वारीच्या पाच पेंढ्यांची कोप करून पूजा करतो ना, त्या दिवशीच आज्जी कुठला पट्टा बियाला ठेवायचा ते ठरवायची. आंबील पिऊन पुरुष मंडळी आडवी झाली की ही रानात.

माढ्याचा_मन्या
येळवस! भज्जी! आता भूक लागली. भज्जीत वांगं घालायचं की नाही?

अक्कलकोटी_अव्वा
घालतात. ओले वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरा, पालेभाज्या, गाजर, वांगं, सगळं, वर चिंच आणि बेसन. पण हे आमच्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात. माढ्याला तुम्हाला काय कळणार.

माढ्याचा_मन्या
माढ्याचा अपमान झालेला आहे. निषेध म्हणून मी जेवायला येतो.

काळं_रान
बियाचं सांगते. आक्कांकडं मालदांडीच. मोहोळच्या संशोधन केंद्रातनं निघालेला जुना वाण तो. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि राहुरी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती असे नवे वाणही रानात आहेत. पण तेव्हा मालदांडी. सावकाराकडं बी घेतलं की सवाईनं, नाहीतर दिढीनं परत करायचं. म्हणजे एक पायली नेली तर सव्वा किंवा दीड पायली. आक्कांकडं पायलीला पायली. फक्त एक अट, परत आणलेलं बी आक्का ओंजळीत घेऊन बघणार. त्यात खडा किंवा पोचट दाणा दिसला तर सगळ्यांदेखत परत पाठवणार. लोक म्हणायचे, सावकार बरा, तो निदान अब्रू घेत नाही.

आणि एक. नवरा गेल्यावर पहिल्या पेरणीला, हस्ताचा पाऊस होऊन वाफसा आला होता, चाड्यावर (पाभरीत, म्हणजे पेरणीच्या अवजारात, बी सोडायचं तोंड) मूठ कोण धरणार म्हणून बैल औताला जुंपून सगळे खोळंबले. विधवेनं धरायची नाही असं तेव्हा म्हणत. आक्कांनी ओटीत बी घेतलं आणि पाभरीमागं चालू लागल्या. दीर बैल हाकायला तयार होईना. मग कासरा गड्यानं धरला. त्या वर्षी पीक कसं आलं विचारलं तर म्हणाल्या, "मध्यम."

करमाळकर
‘मध्यम’ फार आवडलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर सोळा आणे पीक आणलं असतं.

यावरून आठवलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात शासनानं इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. पण त्या मोहिमेची सुरुवात आमच्या करमाळ्यातनं, महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी केली हे फार लोकांना माहीत नाही. आक्कांनी ते कुठल्याच ठरावाशिवाय करून टाकलं होतं.

वस्तीवरचा
धागा पहिल्यापासून वाचतोय. गाव ओळखलं. मी त्याच गावचा, खालच्या वस्तीचा, सध्या पुण्यात असतो.

आक्का चांगल्या, त्याबद्दल दुमत नाही. माझा जन्म त्यांच्याच हातचा. पण चाड्यावर मूठ धरली तेव्हा कासरा ज्या ‘गड्यानं’ धरला तो माझा आजा. पाभरीमागं आक्कांचं नाव राहिलं, पुढं चालणारा नुसता गडी झाला. माझी आज्जी आक्कांच्या रानात जन्मभर खुरपायला होती. ज्वारी काढायला मजुरीच्या पेंढ्या मिळायच्या, त्या डोक्यावर घेऊन ती घरी यायची. ज्वारी काढणाऱ्याचे हात रक्ताळतात, ताट मुळासकट उपटायचं असतं. तिला गावातली शेंबडी पोरंही ‘ए’ म्हणायची. ती पण शेतकरी बाईच. फक्त सातबारा नव्हता, त्यामुळे तिच्यासाठी भाऊसाहेबांनी सांगितलेला ‘इतर हक्का’चा रकानाही नाही.

खडीच्या ढिगावर मात्र ती आक्कांच्या शेजारी बसली होती. ते ती सांगायची. एका ओळीत गावातल्या सगळ्या बाया बसलेल्या तिनं तिथंच पहिल्यांदा बघितल्या.

निवृत्त_भाऊसाहेब
आपलं म्हणणं मान्य. दप्तराला तेवढं दिसत नाही.

काळं_रान
वस्तीवरचा, तुमच्या आजोबांचं नाव लेखात घालायचंय. व्यक्तिगत निरोप पाठवते. बैल हाकणारा मी ‘गडी’ लिहून सोडून दिला असता तर कुणी हटकलंही नसतं.

आता प्रोसिडिंग बुक. अर्ज दिला, शिपायानं बांधणी सुटलेलं दप्तर पुढ्यात टाकलं. आक्का आहेत! प्रत्येक सभेच्या खाली, ‘नि.डा.अं.’ म्हणजे निशाणी डावा अंगठा, शेजारी कारकुनाच्या अक्षरात नाव. सूचक म्हणून कुठंच नाहीत. अनुमोदक मात्र सगळीकडं, दिवाबत्ती, गटार, जयंती, सगळ्याला अनुमोदन. पण एक विषय परत परत येतो, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये: खालच्या वस्तीजवळ हातपंप घेणेबाबत सौ. (सौ. च लिहिलंय, विधवा असून) यांनी विचारणा केली. निर्णय: विषय पुढील सभेत घेण्यात येईल. पुढील सभेत परत तेच. नंतरच्या सभेतही तेच. आणि मग एकदम एका सभेत ठराव सर्वानुमते मंजूर, सूचक म्हणून दुसऱ्याच मेंबरचं नाव. यादीतल्या दोन माजी सरपंचांपैकी एक तेव्हा सरपंच होते. त्यांच्या लेखात बहुतेक ‘वस्तीला पाणी दिले’ असं येणार.

भीमाकाठ
‘विषय पुढील सभेत घेण्यात येईल’ हे लेखाचं शीर्षक.

वस्तीवरचा
थांबा. हातपंपाची गोष्ट आमच्या घरात वेगळी आहे. आज्जी आणि वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन पंचायतीवर गेल्या. ऐन उन्हाळा होता, मीटिंग चालू होती. दाराबाहेर उन्हात बसून घागरींवर दगडानं वाजवत राहिल्या, मीटिंग होऊ दिली नाही. त्या दिवशी पंप मंजूर झाला. आक्कांचं नाव आमच्या गोष्टीत नाही.

चूल_आणि_मी
आता कोणाचं खरं?

काळं_रान
आक्कांना विचारलं. त्यांना बरं वाटेल अशा पद्धतीनं न विचारता सरळ विचारलं, पंप तुम्ही आणला की वस्तीनं? त्या म्हणाल्या, "मी आत बोलत हुते, कुणी ऐकंना. बाहेर घागरी वाजाय लागल्या तवा ऐकू आलं त्यास्नी." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "घागरी घिऊन या म्हणून निरोप मीच धाडलेला. पर त्या आल्या नसत्या तर?"

वस्तीवरचा
निरोपाचं आज्जीनं कधी सांगितलं नाही. कदाचित तिला माहीतही नसेल कुणाचा होता. आत्याला फोन करून विचारतो, ती त्या दिवशी घागर घेऊन होती.

(दुसऱ्या दिवशी) आत्या म्हणते निरोप आला होता, पण त्याआधीच जायचं ठरलेलं होतं. म्हणजे भांडण मिटलं नाही. असंच छापा, दोन्ही बाजूंनी.

सीनामाई
असंच छापा. आणि वस्तीवरचे, तुमच्या आत्याला बोलतं ठेवा. आता चालू झाल्यात तर थांबवू नका.

काळं_रान
कमिटीला सांगितलंय, दोन पानांतलं एक पान वस्तीवरच्यांच्या आज्जीचं. ते लिहिणार, मी नाही. कमिटी म्हणाली, मग फोटो कुणाचा? मी म्हटलं दोघींचा. तर आज्जींचा फोटोच नाही, मतदार ओळखपत्रावरचा सोडून. तोच मोठा करून घेऊ. माजी सरपंचांच्या मुलाचा फोन आला होता, हातपंपाचं ‘जरा बघून’ लिहा म्हणून. बघूनच लिहिलंय, पान नंबरासह.

निवृत्त_भाऊसाहेब
त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल आत्ताच काढून ठेवा. आज दप्तर आहे, उद्या ‘सापडत नाही’ होईल.

शेंगाचटणी
स्मरणिका छापणारा प्रेसवाला मीच आहे हे आत्ता सांगतो, कारण आत्ताच कळलं. दोन्ही पानं रविवारपर्यंत द्या आणि युनिकोडमध्ये टाईप करून द्या. चेअरमनसाहेबांचा लेख जुन्या फॉन्टमधनं आलाय, उघडला की साहेबांच्या पदातली मात्रा आणि ‘अ’ उडून त्यांचा पार ‘चरमन’ झालाय.